पहिला वार

हीउमा बेटावर वारांना ग्रह नसतात.
सोम नाही, मंगळ नाही, शनीचा धाक नाही.
पहिला दिवस, दुसरा, तिसरा, चौथा,
मग मोजायचा कंटाळा आला असावा:
शुक्रवारला एक सुटं नाव, शनिवार अंघोळीचा,
रविवार देवाचा.

ऊर्वेच्या औषधाच्या दुकानात लेइडा आली
तोंड आल्यावर लावायचं मलम मागायला.
वय एक्क्याऐंशी, स्कार्फवर बर्फाची कणी.
"सूप गरम होतं," म्हणाली, "घाई माझीच."

मलम आलं. नाणी मोजून झाली.
पिशवीत टाकायचं तेवढं राहिलं होतं
आणि ऊर्वेचं लक्ष तिच्या ओठांकडे गेलं.
सूप जीभ भाजतं.
गालाची आतून सालं काढत नाही.

"आणखी काय घेता, लेइडा?"

हा प्रश्न ती दिवसातून चाळीसदा विचारते,
चाळीसदा उत्तर येतं, तेच नेहमीचं.

"तेच नेहमीचं. आणि बोटांसाठी ती पिवळी, बारकी.
नातू आलाय स्वीडनहून. मोठा गुणी.
सात घरांची डबी आणलीय,
स्वतःच्या हातानं भरून देतो."

"पिवळी किती घरांत असते?"

"सगळ्या," लेइडा म्हणाली. जरा अभिमानानंच.

खोक्यावरची चिठ्ठी ऊर्वेनंच चिकटवलेली:
पहिल्या दिवशी एक.
म्हणजे आठवड्यातून एकदा. बस.
नातवाची भाषा समुद्रापलीकडे अर्धी राहून गेली;
त्यानं वाचलं, पहिल्या दिवशी एक,
आणि मनातच पुढे चालवलं,
दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी एक.
शिवाय सहा घरं रिकामी.
त्याला ती बघवेनात.

आपल्या भाषेत वार म्हणजे दिवस, आणि घावही.
मात्रा औषधाची, आणि अक्षराच्या डोक्यावरचीही.
इथे कुणाचीच मात्रा चुकली नव्हती.
शब्द बरोबर, गोळी बरोबर,
माया तर काठोकाठ.
नऊ दिवस. नऊ वार.

ऊर्वे "घाबरू नका" म्हणाली नाही.
"बसा" म्हणाली, खुर्ची ओढली, फोन लावला.
वाऱ्यामुळे बोट बंद. हेलिकॉप्टरला वीस मिनिटं,
मग सांगितलं, पस्तीस.
मध्येच लेइडानं विचारलं,
"मलमाचे पैसे परत मिळतील ना?"

रात्री ऊर्वेनं फॉर्म भरला.
काय घडलं, कधी, कुठवर गेलं,
कुणाच्या लक्षात आलं, कशावरून.
चूक कुणाची, असा रकाना त्यावर नसतो;
तो तिनं मनात भरला, स्वतःच्या नावानं,
खोडला, पुन्हा भरला.

तार्तूत कुणी संशोधक, तिनं कधी न पाहिलेली,
अशा ओळी गोळा करते. ही दोनशे अकरावी.
नाव नाही, लोकर नाही, सुपाची वाफ नाही.
वय ८१. साप्ताहिक औषध रोज. कारण: चिठ्ठी.
"इतर" या रकान्यात ऊर्वेनं लिहिलं,
सहा घरं रिकामी दिसत होती.
ते वाचून तिकडे कुणाचा हात थबकला का,
बेटावर कळायला मार्ग नाही.

सहाव्या आठवड्यात लेइडा परत आली,
स्कार्फखाली केस विरळ.
डबी काउंटरवर ठेवली, झाकणं एकेक उघडली.
पहिल्या घरात पिवळी.
उरलेल्या सहांत कोटाची बटणं,
गिळता येणार नाहीत एवढी मोठी.
"रिकामं दिसलं की हात शिवशिवतो म्हणे पोराचा."

ऊर्वे हसली नाही.
बटणं उचलून, अंगठ्यावर ठेवून
आकार पाहिला, सहाही बटणांचा.
मग नवी चिठ्ठी लिहिली, ठळक:
पहिल्या दिवशी.
आणि खाली, जागा उरली नव्हती तरी,
बाकीच्या सहा वारांची नावं,
प्रत्येकापुढे
नाही.